स्टेम सेल लॅबमधला रविवार: ड्युटी की निष्ठा?

ऐरोलीकर
माझं मत आधीच सांगतो. रविवारी पेशींचा मीडिया, म्हणजे त्या ज्यात वाढतात ते पोषक द्रावण, बदलायला जो येतो, त्याचं येणं ड्युटी म्हणून रजिस्टरला लागलं पाहिजे आणि त्याबदल्यात आठवड्यात सुट्टी मिळाली पाहिजे. मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका लॅबमध्ये सायंटिस्ट आहे. आमच्याकडे माणसाच्या आयपीएस पेशी वाढवतात, म्हणजे त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशी मूळ अवस्थेत परत नेऊन बनवलेल्या. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाकांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या पेशींवर हे करून दाखवलं, २०१२ मध्ये नोबेल मिळालं.

या पेशींना सुट्टी माहीत नाही. मीडियातला एफजीएफ-२, म्हणजे पेशींना मूळ अवस्थेत टिकवणारं प्रथिन, इनक्युबेटरच्या ३७ अंशाला लवकर निकामी होतो. तो कमी पडला की पेशी भलतीकडे वळायला, म्हणजे दुसऱ्याच प्रकारच्या पेशी बनायला लागतात. चांगली कॉलनी, म्हणजे पेशींचा पुंजका, मायक्रोस्कोपखाली चपटी, घट्ट, रेखीव कडेची दिसते. बिघडायला लागली की कडेच्या पेशी लांबट होऊन पसरतात, त्या पिपेटच्या टोकाने खरवडून काढाव्या लागतात. काम तासाभराचं. पण ट्रान्सहार्बर लोकलवर मेगाब्लॉक असला की डोंबिवलीहून ठाण्याला गाडी बदलून रबाळ्याला येणारीचा अख्खा दिवस जातो. आणि येणारी बहुतेक वेळा जेआरएफच, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोच असते.

खारघरचा जुना
साफ असहमत. रजिस्टर आलं की काम पाळीचं होतं आणि पेशी कुणाच्याच राहत नाहीत. नवी आयपीएस लाइन, म्हणजे एकाच माणसाच्या पेशींपासून वाढवलेला साठा, बनवून, त्यातले चांगले क्लोन निवडून, तपासून हाताशी यायला महिने लागतात. जो रोज पेशींची तीच प्लेट बघतो, त्यालाच मीडिया किंचित गढूळ झालेला किंवा वाढ मंदावलेली कळते. पाळीवाला मीडिया बदलून निघून जाईल, आणि सोमवारी पूर्ण इनक्युबेटर बुरशीने गेलेला असेल. पावसाळ्यात आपल्याकडे हे नवं नाही. संशोधनाला घड्याळ लावून चालत नाही, ही माझी श्रद्धा आहे.

घणसोली जेआरएफ
सर, आदर ठेवून बोलते. प्लेट रोज बघणारी मीच आहे, आणि रजिस्टरही मलाच हवंय. २०२३ मध्ये जेआरएफची फेलोशिप ३७ हजार झाली, शिवाय घरभाडं भत्ता. वाढ मोठीच होती, पण पैसे हातात पडायला महिनोन्‌महिने जातात, आणि इकडे घरमालक एक तारखेला दारात असतो. मी रविवारी येते ते कागदावर कुठेच नाही. आजारी पडून एक दिवस चुकला, तर तो मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतो. निष्ठा माझ्याकडे आहेच. तिची नोंद ठेवल्याने ती कमी कशी होईल?

मीडियावाली
भांडण चुकीच्या जागी चाललंय. वीकेंडला चालणारे मीडिया बाजारात आहेत, त्यांत एफजीएफ-२ जास्त टिकतो. शनिवारी दुप्पट मीडिया घाला, रविवार मोकळा. हृदयपेशी बनवायच्या असतील तर पहिलं रसायन सोमवारी द्या, मंगळवारी काढा, दुसरं गुरुवारी द्या, शनिवारी काढा. पुढचा बदल थेट सोमवारी. माणसाचा रविवार वाचवायला प्रोटोकॉल तरी नीट आखा!

ऐरोलीकर
आखणी बरोबर आहे. पण सोमवारी रसायन द्यायचं तर त्याआधी तीन-चार दिवस पेशी प्लेटवर दाट व्हाव्या लागतात, रोज ताजा मीडिया लागतो. म्हणजे रविवार मध्ये आलाच. शिवाय हे मीडिया बाहेरून येतात, महाग असतात. ग्रँटचा हप्ता रखडला की पहिली काटछाट तिथेच होते, आणि मग पुन्हा माणूसच स्वस्त पडतो. माझा राग त्यावर आहे.

खारघरचा जुना
सुट्टी द्या, माझी ना नाही. पण पाळी लावाल तर ज्याच्या पेशी आहेत त्याला शनिवारी संध्याकाळी प्लेट दाखवून सोपवायला लावा. त्याशिवाय माझ्या लॅबमध्ये दुसऱ्याच्या प्लेटला कुणी हात लावणार नाही.

घणसोली जेआरएफ
सोपवणं मान्य. पण सर, पाळीच्या त्या यादीत सायंटिस्ट मंडळींचीही नावं हवीत. माझ्या पेशी एखाद्या रविवारी तुम्ही बघा, तुमच्या मी बघेन.

खारघरचा जुना
माझं नाव घाला. दुसरा रविवार. बाकीच्यांचं मी आत्ता सांगू शकत नाही.