दूषित विहिरी शुद्ध करून घेतल्यास शहराला टंचाईत आधार मिळेल का?

मांजराकाठ (प्रश्न)

मी लातूर शहरात राहतो. 2016 च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले होते. आमच्या वसाहतीत एक जुनी बांधीव विहीर आहे. तिचा व्यास पाच मीटर असून दिवाळीच्या सुमारास तिच्यात सहा मीटर पाणी उभे असते, तरीही ते कोणी वापरत नाही. तपासणीत ई-कोलाय जिवाणू आढळले आणि नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे 90 मिलिग्रॅम निघाले. गाळ काढून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यास हे पाणी पिण्याजोगे होईल का? आणि अशा विहिरी शुद्ध करून शहर खरोखर दुष्काळात तग धरू शकेल, की हे निव्वळ मनाचे समाधान ठरेल?

पाझर

अहवालातील दोन्ही दोषांचे मूळ बहुधा एकच, म्हणजे सांडपाणी असावे. मात्र त्यांवरचे उपाय निरनिराळे आहेत. जिवाणू टीसीएलने मरतील, नायट्रेट मात्र तसेच राहील. पाणी उकळल्याने तर ते आटते आणि नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे व ती ओलांडलेले पाणी तान्ह्या मुलांना विशेष घातक असते.

त्यामुळे गाळ काढण्यासाठी उपसा कराल तेव्हा विहीर रिकामी झाल्यावर आतल्या बांधकामाकडे नीट पाहा. गटाराच्या किंवा शोषखड्ड्याच्या बाजूला दगडांच्या सांध्यांतून काळपट, ओलसर ओघळ उतरलेला दिसला, तर पहिला खर्च तेथे करावा. वरचा काही मीटर भाग आतून सिमेंटने बंद करणे, कठडा व भोवतालचा ओटा दुरुस्त करणे आणि गळके गटार बदलणे ही कामे आधी झाली नाहीत, तर टीसीएल टाकणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आता मात्रेविषयी. तुमच्या विहिरीत सुमारे 1,18,000 लिटर पाणी भरते. चांगल्या प्रतीची पावडर 1000 लिटरला अडीच ग्रॅम लागते, या हिशेबाने साधारण 300 ग्रॅम पुरेल; पाणी घाण असल्यास अधिक लागेल आणि ते क्लोरिनची चाचणी घेऊनच ठरवावे. पावडर बादलीत पाण्यात कालवून तिच्यातला चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत खालीवर हलवावी आणि किमान तासभर उपसा करू नये. तळाचा चुना विहिरीत ओतण्याची सवय सर्रास दिसते; त्याने पाण्याचा जडपणा तेवढा वाढतो.

सागरपार

मी कॅलिफोर्नियात राहतो, म्हणून येथील एक उदाहरण देतो. सांता मोनिका शहराला सुमारे निम्मे पाणी ज्या विहिरींतून मिळत असे, त्यांत 1996 मध्ये पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे एमटीबीई हे रसायन सापडले आणि त्या बंद कराव्या लागल्या. हे रसायन जमिनीखालच्या गळक्या टाक्यांमधून व पाइपलाइनमधून उतरले होते. शहराला बाहेरून पाणी विकत घ्यावे लागले. सक्रिय कोळशाचे शुद्धीकरण केंद्र उभे राहून विहिरी पुन्हा सुरू व्हायला 2010 चा शेवट उजाडला आणि खर्चाचा मोठा भाग तेल कंपन्यांबरोबरच्या तडजोडीतून निघाला. प्रदूषण करणाऱ्याकडून पैसा वसूल झाला नसता, तर हे काम कितपत पुढे गेले असते, याविषयी मला शंका आहे.

पाझर

उदाहरण उपयुक्त आहे, परंतु लातूरला ते जसेच्या तसे लागू करता येणार नाही. तेथे वाळू-रेतीचे जाड थर आहेत. आपल्याकडे बेसाल्ट खडक असून पाणी मुरमात आणि भेगांत साठते, आणि तो साठा तुटपुंजा असतो. धरण आटते त्या वर्षी या विहिरीही आटतात. म्हणून 'संकटकाळासाठी राखीव विहीर' ही कल्पना आपल्याकडे फसवी आहे. ऑक्टोबर ते जानेवारी या काळात, विहिरीत पाणी असतानाच, ते धुणी, शौचालये, बांधकाम आणि बागा यांना वापरावे आणि तेवढे धरणाचे पाणी उन्हाळ्यासाठी वाचवावे; शहराला खरा आधार त्यातूनच मिळेल. त्यासाठी पिण्याच्या दर्जाचे शुद्धीकरण आवश्यक नाही, निर्जंतुकीकरण पुरते. मात्र स्वतंत्र नळजोडणी हवीच, कारण विहिरीची मोटार नळाच्या वाहिनीला जोडली की दूषित पाणी उलट वाहिनीत शिरू शकते.

मांजराकाठ

सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. आमच्या सभेत आरओ यंत्र बसविण्याचा प्रस्ताव आला आहे, कारण त्याने नायट्रेटही कमी होते असे विक्रेता सांगतो.

जलकामगार

विक्रेत्याचे म्हणणे खरे आहे, परंतु यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात तेच नायट्रेट अधिक दाट होऊन येते. ते शोषखड्ड्यात सोडले, तर फिरून विहिरीतच उतरेल. विहिरीचे पाणी पिण्यासाठी वापरणे भागच पडले, तर मिश्रणाचा पर्याय स्वस्त आहे: धरणाच्या पाण्यात नायट्रेट 10 मिलिग्रॅम असेल असे धरल्यास, त्याचे दोन भाग व विहिरीचा एक भाग मिळून सुमारे 37 मिलिग्रॅम होते, निम्मे-निम्मे मिसळल्यास 50 होते, म्हणजे मर्यादेबाहेर. अर्थात निर्जंतुकीकरण त्यालाही चुकत नाही. प्रस्ताव मंजूर करण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करून मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर असे दोन्ही वेळचे नमुने तपासून घ्यावेत, कारण पहिल्या पावसात वरची घाण खाली उतरते आणि एकाच अहवालावर यंत्राची निवड करणे धोक्याचे ठरते.