‘कमिट’ला मराठीत काय म्हणाल?

पायथनमध्ये फ्लास्क (वेब फ्रेमवर्क) आणि एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) वापरून छोटी एपीआय, म्हणजे इतर प्रोग्रॅमना माहिती देणारी-घेणारी सेवा, कशी लिहायची, याच्या टिपा मराठीत लिहितोय. सर्व्हर, टेबल, क्वेरी तसेच ठेवलेत, त्यांनी कुणाचं अडत नाही. अडलोय ‘कमिट’पाशी, म्हणजे डेटाबेसमधले बदल पक्के करण्याच्या आज्ञेपाशी, कारण नवशिका फसतो तो इथेच. पोस्ट रिक्वेस्ट गेली, २०१ (‘नवी नोंद तयार झाली’ असं सर्व्हरचं उत्तर) आला, नंतर बघावं तर टेबलात ओळच नाही! इन्सर्ट चालवला, कमिट राहिला, कनेक्शन बंद झालं. मशीन भाषांतराने कमिटला ‘वचनबद्ध करा’ सुचवलं. कुणाला वचन?

— ‘जतन करणे’ घ्या की सरळ.

— नको. कमिट न करताही त्याच कनेक्शनवर सिलेक्ट केलं तर नवी ओळ दिसते, म्हणजे ‘जतन झालं’ असंच वाटतं. घोळ तोच तर आहे. आपल्याकडे शिक्कामोर्तब आहे ना! आज तो एकच शब्द वाटतो, पण जुन्या पत्रांत शिक्का वेगळा, मोर्तब वेगळं. शिवाजी महाराजांच्या पत्रांत माथ्यावर ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ची मुद्रा, म्हणजे शिक्का, आणि मजकूर संपला की ‘मर्यादेयं विराजते’, हे मोर्तब. इथे मर्यादा म्हणजे मजकुराची हद्द. त्याखाली कुणी ओळ घुसडायची नाही. ट्रान्झॅक्शनही (एकत्रच पक्के होणारे किंवा मागे घेतले जाणारे बदल) असंच: बिगिन हा शिक्का, कमिट हे मोर्तब. पायथनचं एसक्यूलाइट३ मॉड्यूल एरवी इन्सर्टआधी शिक्का न सांगता मारतं. मोर्तब मात्र आपल्या हातानेच करायचं.

— वा! मग एसक्यूएलअल्केमी या पायथनच्या डेटाबेस लायब्ररीतला फ्लशही (बदल डेटाबेसकडे पाठवणं, पण पक्के न करणं) बसतो. मजकूर कागदावर उतरला, नव्या ओळीला आयडीसुद्धा मिळाला, मोर्तब बाकी. रोलबॅकला, म्हणजे पक्के न झालेले बदल मागे घेण्याला, ‘रद्द’ नको हं, वाचणाऱ्याला डिलीट वाटेल. ‘कागद फाडला’ म्हणा.

— गिटच्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) कमिटलाही मोर्तबच का? मी दिवसातून दहा वेळा करतो, तेही ‘टायपो’ अशा संदेशासकट.

— तिथे ‘नोंद’ पुरे. इंग्रजीत शब्द एक आहे म्हणून मराठीतही एकच हवा, असं थोडंच आहे?

— (धागाकर्ता) ठरलं. पहिल्या उल्लेखात ‘मोर्तब, म्हणजे कमिट’, कारण कोडमध्ये कमिटच टाइप करावं लागणार. वाक्य असं केलंय: ‘ओळ घातल्यावर मोर्तब करा, मगच २०१ पाठवा.’

— छान. पण ऑफिसात शेजारचा विचारणार, ‘कमिट मारलास का?’