अनुभव धागा: कामासाठी मुंबईला गेलात, कुठे उतरलात?

नाशिककर

मुंबईत नातेवाइकांकडे उतरायचे दिवस संपत आले. आते-मामेभावंडं बदलापूर नाहीतर विरारला राहायला गेली, आपली कामं मात्र फोर्ट, परळ आणि बीकेसीतच (वांद्रे-कुर्ला संकुल) अडकलेली. शिवाय त्यांच्या वन-बीएचकेत कोणी ना कोणी कायम दहावी-बारावीला असतंच. त्यामुळे हॉटेल आलं.

रेटिंग आणि फोटो नकोत, ते ॲपवर दिसतात. कशासाठी गेलात, कुठे उतरलात, तिथून कामाच्या जागी कसे पोचलात आणि परत तिथेच उतराल का, एवढं लिहा. पंचतारांकितवाल्यांनी वेगळा धागा काढावा.

सुरुवात मी करतो. माझी फेरी हायकोर्टाची. पंचवटी एक्सप्रेस सीएसएमटीला पोचेपर्यंत कोर्टाची वेळ झालेली असते, म्हणून आदल्या रात्री जाणं भाग पडतं. सीएसएमटीसमोरच्या गल्ल्यांत आणि फोर्टात जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर बरीच साधी हॉटेलं आहेत. खोली एवढीशी, पण चालत पंधरा मिनिटांत कोर्ट. तिथे एकच प्रश्न विचारायचा: खिडकी बाहेर उघडते की डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या बंद पोकळीत? पैसे वाचवायचे असले तर डक्टवाली घ्या, पण मे महिन्यात नको.

पंचगंगाकाठचा

आमची हायकोर्टाची फेरी सुटली. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरलाच हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. पण मंत्रालय काय सुटत नाही.

आमच्याकडच्या लोकांची अडचण वेगळीच आहे. महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमाराला मुंबईत सोडते आणि हॉटेलवाला म्हणतो, चेकइन बारा वाजता. लवकर हवं तर अर्ध्या दिवसाचं भाडं. म्हणून बुकिंगआधी थेट फोन करून विचारायचं, ‘चोवीस तास पद्धत आहे का?’ म्हणजे सकाळी सातला घेतलेली खोली दुसऱ्या दिवशी सातपर्यंत तुमची. दादर आणि मुंबई सेंट्रलच्या आसपास अशी लॉज अजून आहेत. ॲपवर बुक केलं की मात्र ॲपचीच वेळ लागू होते, मग काउंटरवर भांडून उपयोग नाही.

एका दिवसाचंच काम असेल तर हॉटेल घेऊच नका. स्टेशनच्या प्रतीक्षालयात आवरायचं, सामान क्लोकरूममध्ये टाकायचं (बॅगेला कुलूप लागतं, नाहीतर घेत नाहीत) आणि रात्रीच्या गाडीनं परत.

वऱ्हाडी ठेचा

आमचे काका अजूनही आमदार निवासातच उतरतात. ओळख आमदाराशी नाही, आमदाराच्या पीएच्या मेव्हण्याशी. खाट मिळाली तर मिळाली, नाहीतर सतरंजी. हा अनुभव धाग्यात बसतो का?

नाशिककर

बसतो. जागा उत्तम, भाडं शून्य.

सुमनताई

मी जरा सविस्तर लिहिते, कारण ही वेळ आलेल्यांना कोणी नीट सांगत नाही.

सासऱ्यांच्या उपचारांसाठी आम्ही परळच्या टाटा रुग्णालयात जात होतो. पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण रुग्णालयाच्या दारातलंच हॉटेल शोधतात. मीही तेच सांगेन, पण पहिल्या काही दिवसांपुरतंच. नोंदणी, तपासण्या, रिपोर्ट, पुन्हा ओपीडी, यात दिवसातून दोनदा-तीनदा खोलीवर येणं होतं आणि पेशंटला टॅक्सीत बसवणं-उतरवणं हाच मोठा त्रास असतो. तेव्हा हजार रुपये जास्त गेले तरी जवळ राहा.

उपचार ठरले आणि मुक्काम आठवड्यांचा झाला की हिशोब बदलतो. खरी अडचण जेवणाची. केमोनंतर मऊ भात, मुगाचं वरण, पेज एवढंच चालतं आणि लॉजवर शेगडी लावू देत नाहीत. तेव्हा रुग्णालयातल्या मेडिकल सोशल वर्क विभागात जाऊन राहण्याच्या सोयीबद्दल विचारा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन अशा जागा बाहेरगावच्या रुग्णांसाठीच आहेत. लगेच जागा मिळेलच असं नाही, नाव लावून ठेवायचं आणि रोज जाऊन विचारायचं. विचारायला लाजू नका, तिथे सगळे त्याच रांगेतले असतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. टाटाचंच केंद्र खारघरलाही आहे, ॲक्ट्रेक. काही रुग्णांचे उपचार तिकडे होतात. आमच्या शेजारच्या खाटेवरच्या कुटुंबानं परळला महिन्याभराची खोली घेतली, अनामत भरली, आणि रेडिएशन खारघरला ठरलं. डॉक्टरांकडून जागा पक्की कळल्याशिवाय लांबचं बुकिंग करू नका. खारघर-बेलापूरला त्याच पैशात मोठी खोली मिळते.

रुळांच्या पश्चिमेला प्रभादेवीला स्वस्त दिसतं म्हणून घेणार असाल तर थांबा. परळ-प्रभादेवी जोडणारा जुना एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडायला घेतला. नकाशावरचं अर्धा किलोमीटर टॅक्सीनं खूप मोठं होतं आणि पादचारी पुलाचे जिने पेशंटला कसे चढवणार?

खिडकीतली मनी

ताई, हे प्रिंट काढून लावायला हवं.

पूर्व-पश्चिमेचं अगदी पटलं. बाहेरगावच्या माणसाला मुंबई नकाशावर उभी-आडवी एकच दिसते. प्रत्यक्षात रूळ ओलांडणं हेच मोठं काम. अंधेरीचा गोखले पूल २०२२ च्या नोव्हेंबरात बंद झाला तो पूर्ण सुरू व्हायला मे २०२५ उजाडला. तेवढा काळ ‘अंधेरी’ एवढंच बघून हॉटेल घेणाऱ्यांचे हाल रिक्षावाल्यांनीच पाहिलेत.

डॉलरबाई

अमेरिकन व्हिसाचं माझ्याकडून. वकिलात बीकेसीत आहे आणि मुलाखतीला मोबाइल, लॅपटॉप, स्मार्ट घड्याळ काहीही आत नेता येत नाही. बाहेर पैसे घेऊन सामान ठेवणारे असतात, पण मला त्यांच्या हातात फोन द्यायचा धीर होत नाही. म्हणून फोन खोलीत ठेवून हातात फक्त फाइल घेऊन जाता येईल इतक्या अंतरावर उतरायचं.

खुद्द बीकेसीतली हॉटेलं आपल्या खिशाची नाहीत. वाकोला, कालिना, सांताक्रूझ पूर्व इथे दोन-अडीच हजारांत बरी खोली मिळाली. जाताना रिक्षाच केली, फोन नसल्यामुळे परतीला ॲपची कॅब बोलावता येत नाही, म्हणून हॉटेलचं कार्ड आणि सुटे पैसे खिशात. वांद्रे स्टेशनजवळ घ्यायचं झालं तर पूर्वेला घ्या. ‘बांद्रा’ म्हणून पश्चिमेचं हिल रोड घेतलंत तर खरेदी छान होईल.

मेट्रोवेडा

तीन नंबरची मेट्रो आल्यापासून हे सगळे सल्ले जुने झालेत! ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण मार्ग चालू आहे. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन, दादर, बीकेसी, विमानतळाची दोन्ही टर्मिनल, सगळं एका रेषेत. आता मी गिरगावात उतरतो. मंत्रालयाला विधान भवन स्टेशन, बीकेसीला थेट गाडी, आणि संध्याकाळी चौपाटी. दादरला उतरायचं कारणच उरलं नाही.

दादरकर (माहेरवाशीण)

कारण उरलं नाही म्हणे! पहाटे पाचला बाहेरगावची गाडी दादरला सोडते तेव्हा मेट्रो सुरू तरी झालेली असते का? दादरला पश्चिम आणि मध्य दोन्ही लोकल, बाहेरगावच्या गाड्या, पुण्याच्या बस, सगळं पायाखाली. आणि सकाळी सहाला गरम पोहे-चहा.

फक्त तारखा बघा. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, त्याच्या आगेमागे दादरला खोली शोधू नये. गणपतीत लालबाग-परळ तसंच.

पळणारा पाटील

त्यात जानेवारीतला तिसरा रविवार घाला. मॅरेथॉनमुळे दक्षिण मुंबईतले रस्ते पहाटेपासून बंद असतात. पूर्ण मॅरेथॉन सीएसएमटीहून सुटते म्हणून मी फोर्टात राहतो, पण खोल्या दिवाळीतच संपतात. त्या दिवशी तुमचं दुसरं काही काम असेल तर तिकडे फिरकू नका, टॅक्सी दारापर्यंत येणार नाही.

अनामिका_२७

मी एकटी जाते, परीक्षा आणि मुलाखतींना. दोन गोष्टी.

एक, ‘लोकल आयडी चालणार नाही’ हा प्रकार, म्हणजे ओळखपत्रावर मुंबईच्या आसपासचा पत्ता असेल तर खोली नाही. माझ्या आधारवर अजून ठाण्याचा जुना पत्ता आहे. पैसे भरलेलं बुकिंग दाखवूनही एका लॉजनं रात्री नऊला खोली नाकारली. हॉटेलच्या नियमांत ही ओळ बारीक अक्षरात असते. आता मी आधी फोन करून पत्ता सांगते. फोनवर जो माणूस ‘एकट्याच का?’ असं दोनदा विचारतो तिथे जात नाही.

दोन, एमपीएससीचं कार्यालय आता सीबीडी बेलापूरला आहे. मुलाखत ‘मुंबईत’ म्हणून लोक दादरला राहतात आणि सकाळी हार्बर लाइनच्या लोकलनं उलटे जातात. पुण्याहून येणारी एसटी महामार्गावर तिथेच सोडते, तिथेच उतरा.

दक्षिण मुंबईत जायचं असेल तर मादाम कामा रोडवरचं वायडब्ल्यूसीए या महिला संस्थेचं अतिथिगृह पाहा. फार स्वस्त नाही, पण रात्री झोप लागते.

गोंयकार

आमचो प्रश्न विमानतळाचो. ‘एअरपोर्टजवळ’ असं लिहिलेलं हॉटेल टी-वनजवळ (टर्मिनल १) आहे की टी-टूजवळ (टर्मिनल २), ते बघा. एक विलेपार्ले-सांताक्रूझकडे, दुसरा सहारला. आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं सुटतात, तेव्हा तिकिटावरचा कोड नीट वाचून मगच खोली घ्या. भावानं सहारला हॉटेल घेतलं, विमान उलव्याला, म्हणजे नवी मुंबईच्या विमानतळावरून. पहाटे तीनला टॅक्सीच्या भाड्यात खोलीएवढे पैसे पुन्हा गेले.

जमाखर्च

भाड्याबद्दल एक. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. काउंटरवर जुना दर लावला असेल तर बिल मागा, आपोआप कमी होतं.

झोपाळू

मुंबई सेंट्रल स्टेशनवरच्या पॉडमध्ये (झोपण्यापुरत्या छोट्या कप्प्यात) कोणी राहिलंय का? रात्री अकराला पोचून सकाळी सहाची गाडी आहे.

पंचगंगाकाठचा

राहिलोय. पडून झोपण्यापुरतं झकास, बारा तासांच्या हिशोबानं घेता येतं. उंच माणसानं आणि घोरणाऱ्यानं विचार करावा. सहाची गाडी कुठून आहे पण? वांद्रे टर्मिनस असेल तर पॉडमध्ये राहू नका, आणि रविवार असेल तर मेगाब्लॉकचं (दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवण्याचं) वेळापत्रक बघितल्याशिवाय लोकलच्या भरवशावर निघू नका.

झोपाळू

वांद्रे टर्मिनसच आहे. रविवारच आहे.