मदत हवी आहे: ग्रीसच्या 'ओही' दिवसाला मराठीत काय म्हणावं?

शाळेच्या भित्तिपत्रकासाठी (वाचक सातवी-आठवीचे) 28 ऑक्टोबरच्या ग्रीक राष्ट्रीय सुट्टीवर छोटा लेख लिहिते आहे. लेख झाला, अडलंय ते नावावर.

प्रसंग असा: 28 ऑक्टोबर 1940 ला पहाटे तीनच्या सुमारास इटलीचे राजदूत ग्रात्सी ग्रीसचे पंतप्रधान मेताक्सास यांच्या घरी गेले. इटालियन सैन्याला ग्रीसमधल्या मोक्याच्या जागा ताब्यात घेऊ द्या, अशी मुसोलिनीची मागणी होती. मुदत फक्त सकाळी सहापर्यंत! मेताक्सास यांनी नकार दिला. लोकांच्या तोंडी त्याचा एकच शब्द झाला, 'ओही', म्हणजे नाही. प्रत्यक्षात ते फ्रेंचमध्ये 'म्हणजे आता युद्धच' अशा अर्थाचं बोलले होते, त्यामुळे त्यांच्या तोंडी 'नाही' घालायचं मी टाळलंय.

'नकार दिन' लिहून पाहिलं, पण ते सरकारी परिपत्रकासारखं वाटतं. 'नाही दिन' वाचून मुलांना दिवसच नाही असं वाटलं. 'नको'मध्ये तो ठामपणा येत नाही. 'प्रतिकार दिन'मध्ये मूळ शब्दच हरवतो, आणि माझा जीव त्या एका शब्दातच अडकलाय. नुसतं 'ओही दिन' ठेवलं तर मथळ्यातून काहीच कळत नाही. मथळा तीन-चार शब्दांचाच हवा, तळटीप चालणार नाही.

दुसरं, मूळ उच्चार ह आणि ख यांच्या मधला ऐकू येतो. ग्रीक शिकलेलं कुणी असेल तर सांगाल का, देवनागरीत 'ओही' लिहू की 'ओखी'? आणि मथळ्यात तुम्ही कोणता मराठी शब्द वापराल?