मदत हवी आहे: २०१७चा गेमिंग संगणक – भाग बदलावेत की नवाच जुळवावा?

नमस्कार मंडळी,

२०१७ साली जुळवून घेतलेल्या गेमिंग संगणकावर आणखी पैसे घालावेत, की तो विकून सगळेच नवे घ्यावे, याचा निर्णय मला येत्या महिन्याभरात करायचा आहे. आधी त्यात काय काय आहे ते सांगतो. इंटेल कोअर आय-५ ७४०० प्रोसेसर, बी-२५० चिपसेटचा मदरबोर्ड, दोन पट्ट्या मिळून १६ जीबी डीडीआर-४ रॅम, ६ जीबीचे जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड, २४० जीबीची साटा एसएसडी, १ टीबीची हार्ड डिस्क आणि ४५० वॅटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग). मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झचा आहे आणि तो बदलायचा नाही.

त्रास असा आहे की सरासरी फ्रेम रेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) अजून बरा दिसतो, पण खेळ मध्येच अडखळतो. ‘सायबरपंक २०७७’मध्ये मोकळ्या रस्त्यावर सारे सुरळीत चालते, गर्दीच्या बाजारात शिरले किंवा गाडी वेगाने शहरात घातली, की चित्र क्षणभर गोठते आणि मग एकदम पुढे उडी घेते. अशा वेळी टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १०० टक्क्यांना टेकलेला असतो आणि ग्राफिक्स कार्ड मात्र जेमतेम निम्मे कामात असते. खात्रीसाठी रिझोल्यूशन ७२०पी करून पाहिले, तरी फ्रेम रेट जवळपास तेवढाच राहिला, म्हणजे अडचण ग्राफिक्स कार्डाची नाही. धूळ काढून, थर्मल पेस्ट नव्याने लावूनही पाहिले आहे. तापमान ठीक आहे. चार कोअर आणि चारच थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामे) असलेल्या प्रोसेसरकडून यापुढे फार अपेक्षा करता येईल असे मला वाटत नाही. या खेळाच्या २०२३मध्ये वाढवलेल्या किमान अटींतही जीटीएक्स १०६० जेमतेम बसते, पण प्रोसेसर आय-७ ६७०० मागितला आहे, म्हणजे आठ थ्रेडचा.

तरीही मला भेटलेला जवळजवळ प्रत्येक जण ‘नवे ग्राफिक्स कार्ड टाक’ एवढेच सुचवतो. हा सल्ला मला पटत नाही, कारण वर सांगितलेले अडखळणे त्याने थांबणार नाही. शिवाय आरटीएक्स ५०६०सारखी कार्डे पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाच्या, आठच लेन वापरतात आणि माझा मदरबोर्ड पीसीआयई ३.०चा असल्यामुळे त्यांना निम्म्याहून कमी वाट मिळेल. कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की ही उणीव जाणवणारच.

आहे त्याच मदरबोर्डवर प्रोसेसर बदलायचा म्हटले, तर जुन्या बाजारातला आय-७ ७७०० एवढाच अर्थपूर्ण पर्याय उरतो. आठव्या पिढीचे प्रोसेसर दिसायला त्याच सॉकेटचे असले, तरी बी-२५० त्यांना चालवत नाही. त्यात विंडोजचा प्रश्न आहेच. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालते. विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा सोय मदरबोर्डच्या फर्मवेअरमधून चालू करता येते, परंतु गाडी अडते ती प्रोसेसरच्या पिढीपाशी, आणि ७७०० घेऊनही ती तिथेच अडेल. लिनक्स वापरायला माझी हरकत नाही. पण सुट्टीत येणारा भाचा ‘व्हॅलोरंट’ खेळतो आणि तो खेळ लिनक्सवर चालत नाही.

म्हणून माझा कल मधल्या मार्गाकडे आहे: कॅबिनेट, रॅम, डिस्क आणि तूर्त ग्राफिक्स कार्डही तसेच ठेवून फक्त मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलायचे. डीडीआर-४ रॅम चालणारे दोन पर्याय डोळ्यांसमोर आहेत, एक बी-५५० मदरबोर्डसह रायझन ५ ५६०० आणि दुसरा डीडीआर-४ घेणाऱ्या बी-६६० मदरबोर्डसह आय-५ १२४००एफ. दोन्हींत सहा कोअर, बारा थ्रेड. एएम-५ (एएमडीचे नवे सॉकेट) घेतले तर पुढे प्रोसेसर बदलायला वाव राहील हे मान्य, पण तिथे डीडीआर-५ घ्यावीच लागते आणि २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव ज्या तऱ्हेने चढले आहेत, ते पाहता हातातली १६ जीबी रॅम टाकून देणे मला जिवावर येते.

या मार्गाची कच्ची बाजूही मला दिसते. १०६० बनवणाऱ्या एनव्हिडियाने त्या पिढीसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५नंतर बंद केले. आता २०२८पर्यंत सुरक्षेपुरतेच येतील. ‘डूम: द डार्क एजेस’सारखे काही खेळ तर रे ट्रेसिंगचे (प्रकाशाचे मार्ग मोजून चित्र काढण्याचे) हार्डवेअर नसेल तर सुरूच होत नाहीत. म्हणजे ग्राफिक्स कार्डही आज ना उद्या घ्यावेच लागणार. माझे एकूण बजेट ५० हजारांचे आहे आणि त्यात सगळे एकदम चांगल्या दर्जाचे बसत नाही.

जाणकारांना माझे प्रश्न असे:

मदरबोर्ड-प्रोसेसर आधी आणि ग्राफिक्स कार्ड पाच-सहा महिन्यांनी, हा क्रम योग्य आहे का? वरच्या दोन जोड्यांपैकी कोणती कोणी प्रत्यक्ष वापरत आहे, आणि २४०० मेगाहर्ट्झची जुनी रॅम तिच्यासोबत ठेवल्यास खेळांत किती फरक पडतो?

एसएमपीएसचे काय करावे? कागदावर वीज फारशी वाढत नाही. ७४०० आणि ५६०० दोन्ही ६५ वॅटचे आहेत, १०६० हे १२० वॅटचे तर ५०६० हे १४५ वॅटचे. पण एसएमपीएसची वॉरंटी केव्हाच संपली आहे आणि आमच्याकडे उन्हाळ्यात वीज सारखी ये-जा करते. सध्याचा ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस पुरेल, की तोही बदलावा लागेल?

ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड घ्यायची माझी तयारी आहे, मात्र बिल आणि वॉरंटी शिल्लक असलेलेच. खरेदी पुण्यात दुकानात जाऊन करणार आहे, त्यामुळे असे कार्ड घेताना तिथल्या तिथे काय तपासून पाहावे तेही कृपया सांगावे.