दोन फुटी समुद्री टँकला स्वस्तात कुठला लाइट?

ए-५०३ : नमस्कार मंडळी. आमच्या चिरंजीवांनी समुद्री टँकचा ध्यास घेतलाय. काच कापून तयार आहे : २ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. दोन क्लाउनफिश मासे आणि बाकी कोरल, म्हणजे प्रवाळ, असा बेत. दुकानात नुसता लाइटच ३५ हजारांचा दाखवला. आम्ही लाइटला १० हजार बाजूला काढलेत. बी-४०२ दादा, तुमच्या हॉलमध्ये संध्याकाळी निळा उजेड दिसतो, म्हणून विचारते. एवढा खर्च करावाच लागतो का?

ए-७०१ : अजिबात नको ताई. ५० वॅटचा एलईडी फ्लड लाइट लावा. आमच्या गोड्या पाण्याच्या टँकवर तोच आहे, झाडं मस्त फोफावलीत.

सी-१०१ सेक्रेटरी : भरल्यावर वजन किती होईल ते आधी कळवा.

बी-४०२ : ताई, ३५ हजार नक्की लागत नाहीत. पण फ्लड लाइटही नको, कारण सांगतो.

कोरलच्या अंगात अगदी सूक्ष्म शैवाल राहतं. उजेडात ते साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला मिळतो. म्हणजे लाइट हे त्याचं रोजचं जेवण झालं. समुद्रात लाल रंग वरच्या काही मीटरमध्येच शोषला जातो, खोलवर पोचतो तो निळा. म्हणून हे शैवाल निळ्या उजेडावर, साधारण ४२० ते ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात, उत्तम पोसलं जातं. फ्लड लाइट बनतो माणसाला दिसावं म्हणून. आपला डोळा सर्वात तल्लख असतो ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या उजेडाला, आणि खोक्यावरचा ल्युमेनचा आकडाही त्याच डोळ्याच्या हिशेबाने काढलेला असतो. तो लाइट लावला तर टँक लखलखीत दिसेल, कोरल अर्धपोटी राहील आणि दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ आधी माजेल.

कोरलसाठी बघायचा आकडा म्हणजे पार (PAR). एका चौरस मीटरवर दर सेकंदाला वनस्पतींच्या उपयोगाचा उजेड किती मायक्रोमोल पडतो, ते हे माप. भर दुपारच्या उन्हात तो २००० च्या आसपास असतो. झोआ आणि मश्रूम या मऊ कोरलना ५० ते १०० पुरतो, लेदर या मऊ कोरलला १०० ते १५०. फांद्याफांद्यांचे कडक कोरल मात्र २०० ते ३५० मागतात. महागडे लाइट खरे लागतात ते त्यांच्यासाठी. म्हणून लाइट ठरवायच्या आधी कोरल ठरवा.

बी-२०४ : कडक कोरलचा विषय निघालाच आहे तर बोलते. माझं माहेर मालवणचं. आमच्या समुद्रात प्रवाळ आहेत, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सगळे कडक प्रवाळ आले. सी फॅन, फायर कोरल, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप आणि समुद्री घोडेही आले. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच यांना. तरीही दुकानात कुणी हळूच "अंदमानचा पीस आहे" म्हणतो. कृपा करून घेऊ नका. समुद्रातून उचललेला "जिवंत दगड", म्हणजे जीवजंतू वस्तीला असलेला दगडसुद्धा नको. २०२४ मध्ये जगभर चौथ्यांदा प्रवाळ पांढरे पडल्याचं जाहीर झालं. तापलेल्या पाण्यात तेच अंगातलं शैवाल ते बाहेर टाकतात आणि उपाशी मरतात. असं असताना आपल्या हॉलसाठी आणखी एक तुकडा तुटायला नको.

बी-४०२ : ताई, शंभर टक्के. माझ्याकडे फक्त मऊ कोरल आहेत, तेही दुसऱ्या हौशी माणसाच्या टँकमध्ये वाढलेल्या वसाहतीचे कापे. दगड कोरडा, कृत्रिम. विकत घेतलं तर बिल आणि कागद मागायचेच. आणि ए-५०३ ताई, कायदा पाळला की खिशालाही सोपं होतं बघा. कडक कोरल बाद झाले की २०० च्या वरच्या पारची गरजच उरत नाही.

ए-५०३ : किती हायसं वाटलं! झोआ, मश्रूम आणि एखादा लेदर, एवढंच ठरवतो. मग लाइट कुठला?

बी-४०२ : काळ्या पत्र्याच्या डब्यासारखे एलईडी येतात, "ब्लॅक बॉक्स" म्हणून मिळतात. बहुतेकांवर १६५ वॅट लिहिलेलं असतं, ओढतात त्याहून कमी. दिसायला ओबडधोबड, पंख्याचा थोडा आवाज, मोबाइलवरून काही चालत नाही. पण दोन गोष्टी बघून घ्या : निळ्याला आणि पांढऱ्याला वेगवेगळा डिमर हवा, आणि लेन्स ९० अंश किंवा त्याहून रुंद उजेड पसरवणाऱ्या हव्यात. २ फुटी टँकला एक डबा पुरतो. माझ्याकडे हाच आहे. तुमच्या बजेटमध्ये वापरलेला चांगला ब्रँडेड लाइट मिळाला तर तोही घ्या, फक्त सगळे एलईडी पेटतात का ते समोर लावून बघा. टी-५ ट्यूबचा उजेड फार छान सारखा पसरतो, पण वर्षाच्या आत ट्यूब बदलाव्या लागतात आणि त्या आता शोधाव्या लागतात.

ए-७०१ : फ्लड लाइटचा सल्ला मागे घेतो. पण मग घरीच का नाही बनवायचा? लॅमिंग्टन रोडला ३ वॅटचे ४५० नॅनोमीटरचे रॉयल ब्लू एलईडी मिळतात. ॲल्युमिनियमचा हीट सिंक, कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर, की झालं. मुलगा बारावीला इलेक्ट्रॉनिक्स घेणार म्हणतोय ना?

बी-४०२ : कल्पना उत्तम, शिकेलही. पण खारं पाणी आणि उघडे सोल्डर यांचं जमत नाही, आधी तयार डब्यावर वर्ष काढू द्या.

आता लावायचं कसं, यात खरी मेख आहे. डबा पाण्यापासून २५-३० सेंटीमीटर वर टांगा. पहिल्या दिवशी निळा ३० टक्के, पांढरा जेमतेम १०. दर आठवड्याला ५ टक्के वाढवा, त्याहून जास्त नाही. दिवसाला ८ तास, साध्या टायमरवर. एकदम जोरात लावला की कोरल दोन-चार दिवसांत फिके पडतात आणि लोक समजतात उजेड कमी पडला, मग अजून वाढवतात.

कोरल स्वतः सांगतात. झोआचे देठ वर लांबत चालले तर उजेड कमी आहे. मश्रूम आक्रसून दगड सोडायला लागला तर जास्त आहे, त्याला खाली सावलीत ठेवा. रंग तपकिरी होणं बहुधा कमी उजेडाचं किंवा पाण्यातल्या जास्त नायट्रेटचं. पांढरं पडणं धोक्याचं, त्या दिवशीच डिमर खाली. लेदर मात्र मधूनमधून मिटून बसतो, कात टाकतो, तेव्हा आठवडाभर लाइटला हात लावायचा नाही. एक बदल केला की दोन आठवडे थांबा, ही सवय मुलाला लावा.

मोबाइलच्या लक्स ॲपवर विसंबू नका, निळा उजेड त्याला फार कमी दिसतो. झोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालायचा, त्यांच्यात भयंकर विष असू शकतं. त्यांचा दगड कधीही उकळायचा नाही.

ए-५०३ : हे सगळं त्याला वाचून दाखवलं, वहीत लिहून घेतोय. वीजबिल किती वाढेल?

ए-७०१ : १०० वॅट धरा, ८ तास, म्हणजे महिन्याला २४ युनिट. युनिटला १० रुपये पकडले तर २४०. लाइटचं काही नाही, मे महिन्यातलं पाणी थंड ठेवणं महाग.

बी-४०२ : बरोबर. पाणी २५-२६ अंशांवर हवं. मऊ कोरल थोडं सोसतात, पण ३० नाही. लाइटमध्ये वाचलेले पैसे चिलरसाठी, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्रासाठी ठेवा. तोवर पाण्यावर छोटा पंखा, आणि उडालेल्या पाण्याऐवजी आरओचं गोडं पाणी.

ए-७०१ : त्या पॉइंटला आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे ना बघा. वायर प्लगच्या खाली एक झोळ देऊन वर आणा, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही.

सी-१०१ सेक्रेटरी : वजनाचं राहिलं.

बी-४०२ : सुमारे १२० लिटर पाणी, काच, दगड, स्टँड मिळून २०० किलोच्या आसपास, काका. बीमवरच्या भिंतीला लावून ठेवला की झालं. ताई, डबा आला की कळवा. एका मित्राकडे पार मीटर आहे, तो आणतो. टँकच्या तळाला, मध्ये आणि वर मोजून घेऊ, म्हणजे मश्रूम कुठे आणि लेदर कुठे हे अंदाजावर राहणार नाही. बी-७०२ मध्येही नवा टँक येतोय, त्यांचंही त्याच दिवशी मोजू.

सी-१०१ सेक्रेटरी : चालेल. स्लॅबला हूक मारायचा असेल तर दुपारी २ ते ४ या वेळेत ड्रिल नको, आणि आधी वॉचमनकडे नोंद करा.