लिबरऑफिस २५.८: जुन्या मराठी फाइली वाचता येत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयाचा पत्रव्यवहार मी बघते. जुन्या संगणकावर विंडोज ७ आणि लिबरऑफिस ७.६ (पत्रं, तक्ते करायचं मोफत सॉफ्टवेअर) होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली २५.८ ही आवृत्ती विंडोज ७ किंवा ८.१ वर चालत नाही, म्हणून देणगीतून नवा संगणक घेतला. (७.६ नंतर थेट २४.२ आलं, मधलं काही चुकलेलं नाही. आकडा आता वर्ष-महिन्याचा असतो.)

सभासदांची यादी कॅल्कमध्ये (लिबरऑफिसचा हिशेबतक्ता), युनिकोडमधली, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीतली. ती नीट उघडली, वर्गणीच्या बेरजाही जुळल्या. अडलंय ते २००४ ते २०११ च्या इतिवृत्तांपाशी. ती युनिकोडआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली आहेत. 'ठराव क्र. ३' च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची खूण असं काहीबाही दिसतं. जुन्या संगणकावर तीच फाइल स्वच्छ उघडते. वाचनालयाला जागा मिळाल्याचा ठराव त्यातच आहे, जागा देणाऱ्या आजोबांच्या नावासकट. एक अक्षरही गमवायचं नाही.

जुना फाँट इकडे आणू की सगळं युनिकोडमध्ये करून घेऊ?

आणखी एक. नवीन फाइलीत मराठी रोज वेगळ्याच फाँटमध्ये उमटतं. मुक्ता फाँट कायमचा कसा ठेवायचा?

प्रतिसाद:

ताई, काळजी करू नका, मजकूर शाबूत आहे. त्या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात. फाँट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. आधी जुन्या संगणकावरच सगळ्यांच्या पीडीएफ करून ठेवा. मग नेमक्या त्याच फाँटसाठी असलेला कन्व्हर्टर (जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं साधन) वापरा, कारण दर फाँटची मांडणी वेगळी. युनिकोड झालेला मजकूर पीडीएफशी ओळ न् ओळ ताडून बघा. पहिली वेलांटी आणि रफार हमखास सरकतात. 'वार्षिक' मध्ये तर दोन्ही आहेत. मूळ फाइली पुसू नका.

मुक्तासाठी: टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस अँड लोकेल्स, जनरल. तिथे 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' (सीटीएल, देवनागरीसारख्या लिपींसाठी) ला टिक नसेल तर करा, भाषा मराठी ठेवा. मग रायटरच्या (लिबरऑफिसचा मजकूर लिहायचा भाग) ऑप्शन्समध्ये 'बेसिक फाँट्स सीटीएल' मध्ये मुक्ता निवडा. देवनागरीचा फाँट इंग्रजीपासून वेगळा धरला जातो, म्हणून तो वेगळा ठरवावा लागतो.

धागाकर्ती:

मुक्ता बसला, मनापासून आभार! २००४ च्या पीडीएफ झाल्या. कन्व्हर्टरमधून काढलेल्या पहिल्या पानावर 'कार्यकारिणी' चा रफार खरंच सरकला होता, हाताने दुरुस्त केला. आजोबांचं नाव मात्र बरोबर आलंय.